कंट्रोलर १२२० दाखवतो, ग्लेझ मात्र शेल्फवर वाहून जातो: के टाइप सेन्सर काढून एस टाइप बसवू का?

मातीकाम_सातारा

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, मधलं काही गाळलं तर तुम्हाला अंदाज येणार नाही.

घराच्या मागच्या पडवीत माझा छोटा स्टुडिओ आहे. इलेक्ट्रिक भट्टी तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. समोरून दार, आतून दीड फूट लांबी-रुंदी-उंची, थ्री फेज, ९ किलोवॅट, कँथल ए-वनच्या वायरचे एलिमेंट. थर्मोकपल, म्हणजे आतला ताप मोजणारा सेन्सर, के टाइप; मागच्या भिंतीतून आत येणारी ६ मिलिमीटरची धातूची दांडी. बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, १००० अंशांना; ग्लेझ, म्हणजे वरचा काचेचा लेप, १२२० ला दहा मिनिटं धरून, म्हणजे कोन ६ (कोन म्हणजे ठराविक आचेला वाकणारा मातीचा छोटा सुळका). आतापर्यंत ऐंशीएक भट्ट्या झाल्या असतील, आणि मेपर्यंत एकदाही तक्रार नव्हती.

गेल्या दोन ग्लेझ भट्ट्या वाया गेल्या. दुसरीत एका कॅफेचे ३२ मग होते. माझा हिरवा ग्लेझ बुडापासून बोटभर वर थांबतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून सांगेन. या वेळी तो बुडाखाली उतरून शेल्फवर त्याची काच झाली. १९ मग छिन्नीने सोडवावे लागले, त्यातले चारच वाचले. कोन ६ वाकलेला नव्हता, पार लोळागोळा होऊन पडला होता. कंट्रोलरने मात्र १२२० ओलांडलेलं नाही. मी शेवटचा तास समोर स्टूल टाकून बसले होते.

शिवाय पांढऱ्या मगांवर तिळाएवढे काळे ठिपके आलेत.

सेन्सर बाहेर काढून उकळत्या पाण्यात धरला, तर ९७ दाखवलं. साताऱ्याच्या उंचीला ते बरोबरच आहे. म्हणजे सेन्सर चांगला आहे का? एका दुकानदाराने सांगितलं, "मॅडम, पीटी-१०० घ्या, थर्मोकपलपेक्षा अचूक असतो." एक मैत्रीण म्हणते प्लॅटिनमचा एस टाइपच घे, एकदाच खर्च होईल. एस टाइपचा भाव ऐकून पोटात गोळा आला, पण अजून एक ऑर्डर वाया गेली तर त्याहून जास्त जाईल. काय करू?

डिचोलीची_माती

ताई, वाईट वाटलं वाचून. मी गोव्यात गॅसच्या भट्टीवर काम करतो, रिडक्शनमध्ये, म्हणजे आत हवा कमी ठेवून. माझे दोन के टाइप एका वर्षात गेले. रिडक्शनमध्ये त्यांच्या तारेतलं क्रोमियम आतून खाल्लं जातं, तार हिरवट पडते आणि आकडा हळूहळू खाली घसरतो. मग मी एस टाइप घेतला, बंद तोंडाच्या ॲल्युमिना नळीत. तीन वर्षं झाली, कोनशी अजून जुळतो. पण तुमची भट्टी इलेक्ट्रिक आहे, आत हवा खेळती असते, तेव्हा तुमच्याकडे हेच झालं असेल असं छातीठोक सांगत नाही.

काचकाम_नाशिक

मी काच फ्यूज करते, ८०० च्या वर जातच नाही. मला के टाइप पुरून उरतो. एकच सांगते, सेन्सरचं टोक शेल्फला टेकलेलं किंवा एलिमेंटच्या अगदी तोंडाशी नाही ना, तेवढं बघून घ्या.

भट्टीवाले_काका

ताई, मी आयुष्यभर शिरोली एमआयडीसीत काढली. आधी फाउंड्रीत, नंतर हीट ट्रीटमेंटला इन्स्ट्रुमेंटचं काम. मडकी मला घडवता येत नाहीत, पण भट्टीचा ताप मोजण्यातच माझे केस पिकले.

पहिल्यांदा पीटी-१०० डोक्यातून काढा. त्यात प्लॅटिनमचा रेझिस्टन्स मोजतात, शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५. अचूक असतो हे खरं, म्हणून डेअरीत, औषधांच्या कारखान्यात तोच लागतो. पण बाजारात मिळणारे पीटी-१०० चारशे ते सहाशे अंशांपर्यंतचे असतात. तुमच्या भट्टीत तो बिस्कसुद्धा पार करणार नाही. दुकानदाराने भट्टी ऐकलं आणि बेकरीचा ओव्हन समजला असणार.

काळे ठिपके वेगळ्या गोष्टीचे आहेत, त्यावर नंतर येतो.

आधी मला चार गोष्टी सांगा. मेनंतर भट्टी, पॅनेल किंवा वायरिंग यातलं काहीही हललं का? सेन्सरच्या डोक्यापासून, म्हणजे मागच्या टर्मिनलच्या डबीपासून, कंट्रोलरपर्यंत कोणती वायर आहे? सेन्सरचं डोकं भट्टीच्या पत्र्यापासून किती लांब आहे? आणि बिस्क झालेलं भांडं हल्ली पाणी कसं ओढतंय, पूर्वीसारखं की कमी?

मातीकाम_सातारा

काका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि उठून बिस्कचा एक वाडगा जिभेला लावून पाहिला. पूर्वी जीभ चिकटायची, आता नुसती टेकते. ग्लेझमध्ये बुडवल्यावर वाळायलाही वेळ लागतोय. मी पावसाळी हवा म्हणून सोडून देत होते.

आणि हो, हललंय. पडवीत पावसाचा शिंतोडा येतो म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात पॅनेल आतल्या खोलीच्या भिंतीवर घेतलं. आधी ते भट्टीच्या बाजूलाच होतं, दीड फुटावर, आणि मधे पिवळ्या आवरणाची बारीक वायर होती. आता अंतर साडेतीन मीटर झालं. वायरमन म्हणाले, "ही काय दोऱ्यासारखी वायर लावली होती, मी चांगली दणकट टाकतो." त्यांनी तांब्याची अडीच स्क्वेअरची ओढली. काम नेटकं केलंय, पाइपमधून नेलीय, लग मारलेत. सेन्सरचं डोकं पत्र्यापासून जेमतेम तीन बोटं बाहेर आहे. भट्टी चालू असताना त्याला हात लावून ठेवता येत नाही.

भट्टीवाले_काका

सापडलं बहुतेक. सेन्सरला अजून हात लावू नका, एस टाइपचे पैसेही तूर्त कपाटातच राहू देत.

थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. के टाइपमध्ये एक क्रोमेल, दुसरी ॲल्युमेल. व्होल्टेज त्या जोडावर तयार होतो असं सगळ्यांना वाटतं. तो तिथे तयार होत नाही. तार गरम जागेतून गार जागेकडे येते, त्या वाटेवर तो साठत जातो. म्हणून क्रोमेल-ॲल्युमेलची वाट जिथे संपते, तिथपर्यंतचाच फरक मोजला जातो.

कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलचं तापमान मोजतो, समजा ३६ अंश, आणि तारेतून आलेल्या फरकात ते मिळवून आकडा दाखवतो. वाट आपल्या टर्मिनलपर्यंत आलीय असं तो धरून चालतो. तुमची वाट मात्र सेन्सरच्या डोक्यावरच संपलीय, कारण पुढे दोन्हीकडे तांबं आहे, आणि दोन्ही तारा एकाच धातूच्या असल्या की व्होल्टेज एकमेकांना कापतो. डोकं ८० अंशांना तापलं असेल तर ८० ते ३६ हा टप्पा हिशोबातून गळाला. कंट्रोलर तेवढं कमी वाचतो आणि भट्टीला तेवढं जास्त तापवतो. म्हणून बिस्कही घट्ट भाजलं जातंय आणि ग्लेझही वाहतोय.

उकळत्या पाण्यात ९७ का आलं? कारण तेव्हा भट्टी बंद होती. डोकं आणि पॅनेल दोन्ही खोलीच्या तापमानाला, मग गळायला काही उरतच नाही. ही चूक गार भट्टीत कधीच सापडत नाही.

आमच्याकडे एका कारखान्यात हेच झालं होतं. पिनियनची, म्हणजे छोट्या गिअरची बॅच हार्डनिंगला ८६० वर लावली होती, आणि बाहेर आली ती जास्त तापून स्टीलचा दाणा मोठा होऊन, टाकायच्या लायकीची. आठ दिवस सगळे स्टीलच्या सप्लायरला धारेवर धरत होते. मी केबल ट्रे उघडला तेव्हा मधला सहा मीटरचा तुकडा साध्या तांब्याचा निघाला. जुनी केबल उंदराने कुरतडली म्हणून रात्रपाळीत कुणीतरी जोडून टाकला होता. त्या सप्लायरची माफी मागायला मी स्वतः गेलो होतो.

आता माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजून बघा. पुढच्या बिस्कला आकडा १००० आला की हीटरचा एमसीबी पाडा, कंट्रोलर चालू ठेवा. सेन्सरच्या डबीचं झाकण उघडून वायरमनला मल्टिमीटरने मिलिव्होल्ट घ्यायला सांगा. त्याच वेळी डबीतल्या टर्मिनलचं आणि पॅनेलमधल्या टर्मिनलचं तापमान घ्या. तीन आकडे इथे लिहा. हातमोजे घाला, आणि हीटरची वीज बंद आहे हे टेस्टरने पाहूनच डबी उघडा.

इन्स्ट्रुमेंटेशन_तिसरं_वर्ष

काका, आम्हाला एन टाइप के पेक्षा चांगला असं शिकवलंय. ताईंनी तोच का घेऊ नये?

भट्टीवाले_काका

बाळा, बरोबर शिकवलंय. निक्रोसिल-निसिलची तार, सिलिकॉनमुळे वरच्या तापमानाला ऑक्सिडेशनला चांगली टिकते, आकडाही के टाइपइतका सरकत नाही. पण कंट्रोलरमध्ये एनची सेटिंग हवी, केबलही एनचीच हवी. मी तालुक्याच्या गावातल्या दुकानांत विचारलं की "येन म्हणजे काय?" असा प्रश्न यायचा. ताईंची भट्टी ऐन ऑर्डरच्या वेळी बंद पडली तर दुसऱ्या दिवशी काय मिळेल, हेही बघायला लागतं. मागवून एक जादा ठेवणार असतील तर जरूर घ्यावा.

मातीकाम_सातारा

काका, काल बिस्क लावली. वायरमनदादा स्वतः आले होते, त्यांनाही बघायचं होतं.

कंट्रोलर: १०००
डबीतले मिलिव्होल्ट: ३९.८
डबीचं टर्मिनल: ७८ अंश
पॅनेलचं टर्मिनल: ३६ अंश

भट्टीवाले_काका

आता हिशोब करू. के टाइपच्या तक्त्यात ७८ अंशांना ३.१८ मिलिव्होल्ट आहेत. ३९.८ मध्ये ते मिळवले की ४२.९८ होतात. तक्त्यात ४२.९८ म्हणजे १०४४ अंश. ही तुमच्या भट्टीच्या आतली खरी आच.

कंट्रोलरने काय केलं? त्याने ३६ अंशांचे १.४५ मिळवले. ४१.२५ झाले, तक्त्यात ते हजाराला पडतात. म्हणून त्याने इमानदारीने १००० दाखवलं.

४४ अंशांची चूक. १२२० ला डोकं याहून तापतं, तेव्हा तिथे चूक पन्नासाच्या वर गेली असणार. तुमचा कोन ६ तासाला साठ अंशांच्या चढाने १२२२ च्या आसपास वाकतो, ७ नंबर १२३९ ला. तुम्ही दोन्ही मागे टाकून पुढे गेला होतात.

करायचं एवढंच. तांब्याची वायर काढा आणि के टाइपचीच, क्रोमेल-ॲल्युमेलची केबल डबीपासून थेट कंट्रोलरच्या टर्मिनलपर्यंत अखंड टाका. मधे जोड नको. पॉवरच्या वायरींबरोबर एकाच पाइपमधून नेऊ नका. आणि रंगांकडे नीट लक्ष द्या, इथे चांगले वायरमन फसतात. पिवळ्या-लाल जोडीत लाल ही मायनस असते, आणि आपल्या वायरमनचा हात सवयीने लाल प्लसला नेतो. हिरव्या-पांढऱ्या जोडीत पांढरी मायनस. शंका आली तर लोहचुंबक लावा, के टाइपमध्ये चुंबकाला चिकटते ती ॲल्युमेल, ती मायनस. केबल दोन्ही टोकांना उलटी लागली तर आकडा चढताना दिसतो, सगळं ठीक वाटतं, आणि चूक आत्तापेक्षा दुप्पट होते.

आता तुमचा मूळ प्रश्न.

एस टाइप म्हणजे एक तार शुद्ध प्लॅटिनम, दुसरी प्लॅटिनममध्ये १० टक्के ऱ्होडियम. आमच्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडात पुठ्ठ्याच्या नळीचं टोक बुडवून ताप घ्यायचे, त्यात हीच जात असायची. साधारण प्रतीच्या के टाइपला पाऊण टक्का चुकायची सूट असते, १२०० ला ९ अंश इकडे-तिकडे. आणि मानकाचा तक्ता त्या प्रतीला १२०० वरच सोडून देतो, तुम्ही काम करता १२२० ला. एस टाइपला त्याच प्रतीत पाव टक्का, म्हणजे ३ अंश. तो वर्षानुवर्षं सरकत नाही. तुम्ही उद्या कोन ९-१० ला, १२८० च्या पुढे जाणार असाल, तर दुसरा विचारच करू नका.

पण तुम्ही महिन्याला दोन-तीनच भट्ट्या लावता, ग्लेझही १२२० लाच. माझं मत, के टाइपच घ्या, पण ही ६ मिलिमीटरची दांडी नको. तिच्या आतल्या तारा बारीक असतात, आणि धातूचं कवच १२०० च्या वर पापुद्रे सोडतं. तुमच्या पांढऱ्या मगांवरचे काळे तीळ तिथलेच असावेत. दांडी बाहेर काढून नखाने खरवडा, काळी खपली निघाली तर समजा. तुम्हाला हवी ८ गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाड तार, पोर्सिलेनच्या मण्यांत ओवलेली, वरून ॲल्युमिनाची बंद नळी. धातूचं काहीच आत उघडं राहत नाही. डोकं पत्र्यापासून वीतभर बाहेर राहील एवढी लांबी सांगा, टोक आत दीड-दोन इंच.

आणि पुढे कधी एस टाइप घेतलात, तर कंट्रोलरची सेटिंग के वरून एस वर केल्याशिवाय भट्टी चालू करू नका. हे मी हात जोडून सांगतो. हजार अंशांना एस टाइप साडेनऊ मिलिव्होल्टच देतो. के वर सेट असलेला कंट्रोलर त्याला अडीचशे अंश समजेल आणि भट्टी तापवतच राहील. केबलही एस टाइपची वेगळी लागते.

तांब्याने होणारी चूक एस टाइपमध्ये जवळपास निम्मी होते, पण होतेच. तुम्ही आत्ता एवढे पैसे घालून एस बसवला असता, तरी मग पुन्हा चिकटले असते.

डिचोलीची_माती

काका, हे वाचून आज माझी डबी उघडून बघितली. केबल बरोबर आहे, पण एक स्क्रू इतका गंजलाय की तार नुसती अडकून होती. समुद्राची हवा. बदलला.

मातीकाम_सातारा

काका, दहा दिवसांनी लिहितेय. केबल पुण्याहून आली, तपकीर गल्लीत मिळाली, पाच मीटर. वायरमनदादांनी चुंबक लावून दाखवलं, आणि खरंच लाल आवरणातली तार चिकटली! ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मजुरी घेणार नव्हते, मी बळेच दिली. त्यांना कुणी कधी हे सांगितलंच नव्हतं.

दांडी खरवडली. काळी खपली कागदावर पडली, जशीच्या तशी मगांवरची.

काल ग्लेझ लावला. ऑर्डरचे मग ठेवले नाहीत, फुटके-तुटके आणि चाचणीच्या पट्ट्या. मधल्या शेल्फवर ५, ६, ७ असे तीन कोन ओळीने, भोकातून दिसतील असे. बाराशेला चष्मा लावून पाहिलं, तिघेही ताठ. १२१० ला ५ नंबरने मान टाकली. १२२० ला येऊन दहा मिनिटं झाली तेव्हा ६ नंबर कमरेतून वाकून त्याचं टोक खाली टेकायला आलं होतं, आणि ७ जेमतेम कलला होता. तशीच भट्टी बंद केली. आज सकाळी दार उघडलं, हिरवा ग्लेझ बुडापासून बोटभर वर थांबलेला. मी खाली बसून रडले, खरं सांगते.

जाड तारेचा के टाइप सांगितलाय, ॲल्युमिना नळीसकट, एक जादा. कॅफेवाल्यांनी महिना वाढवून दिलाय. एक विचारायचं राहिलं: नवा सेन्सर बसवल्यावर कोन आणि आकडा चार-पाच अंशांनी जुळला नाही तर कंट्रोलरमध्ये फरक घालून जुळवू का?

भट्टीवाले_काका

घालू शकता, ऑफसेटची सोय त्याचसाठी असते. पण सलग तीन भट्ट्यांत कोन एकाच बाजूला चुकला तरच, आणि किती घातला ते पॅनेलच्या दारावर आतून लिहून ठेवा. दर भट्टीत मधल्या शेल्फवर एक कोन ठेवायचा, तो कधीही सोडू नका. सेन्सर क्षणाचं तापमान सांगतो, कोन मातीने किती वेळ किती आच खाल्ली ते सांगतो, आणि तुमचा ग्लेझ कोनासारखाच वागतो.

नवा सेन्सर बसवलात की डबीवर तारीख आणि पुढे भट्ट्यांच्या रेघा. पन्नासाव्या रेघेला कोन तपासून निर्णय घ्या. आणि एक वेगळा ओव्हर-टेंपरेचर कट-ऑफ, स्वतःचा सेन्सर आणि स्वतःचा कॉन्टॅक्टर (वीज तोडणारा स्विच) असलेला, १२६० ला लावून घ्या. एसएसआर, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बिघडतो तेव्हा बहुतेकदा चालू राहूनच बिघडतो, आणि सेन्सर भोकातून निसटून बाहेर आला तरी कंट्रोलरला भट्टी गारच वाटत राहते. तोवर रात्री भट्टी लावून झोपायचं नाही, ताई.

त्या वायरमनला माझा नमस्कार सांगा. स्वतः बघायला आला, चांगला माणूस आहे.